चाळीस दिवसांची चव

चाफेखिंडीत पाणी तपासायचं यंत्र आलं ते दोन हजार एक्केचाळीस सालच्या फाल्गुनात, आणि आल्या दिवशीच गावानं त्याचं नाव ‘बाईसाहेब’ ठेवून टाकलं. कागदोपत्री ते ‘जीवपटल जलपरीक्षक’ होतं. पण तेवढं म्हणेपर्यंत घशाला कोरड पडायची, आणि पाण्याच्या यंत्रानंच माणसाला तहान लावावी हे काही शोभत नाही. शिवाय यंत्र बोलायचं. आवाज बाईचा, पुण्याकडचा, आणि असा की आत्ताच कुणीतरी पुसलेल्या फरशीवरून चिखलाचे पाय घेऊन गेलंय.

या बाईसाहेबांना टेकडीवरच्या टाकीशेजारी पत्र्याची खोली मिळाली आणि दिमतीला मिळाले आनंदनाना शेडगे. नाना तीस वर्षं गावाला पाणी सोडत होते. रोज उजाडायला टाकीवर चढायचं, बादलीत टीसीएलची, म्हणजे क्लोरीनची, पावडर कालवायची, गाळ खाली बसला की वरची निवळी टाकीत ओतायची, मग व्हॉल्व्ह फिरवायचा. तेवढ्यावर भागत नसे. वरच्या आळीला बायजाकाकीच्या दारात गावाचा शेवटचा नळ. तिथं जाऊन काचेच्या नळीत पाणी धरायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे पावडरीचा अंश शेवटपर्यंत पोचला, वाटेतले जंतू मेले, गाव सुखी. तीस वर्षांत नानांनी ही पिवळ्याची फेरी एकदाच चुकवली, ती स्वतःच्या लग्नाच्या दिवशी. आणि तेव्हाही हळदीच्या अंगानं निघाले होते, करवल्यांनी धरून ठेवलं म्हणून.

असा इमानी माणूस. पण एका बाबतीत नाना साफ लबाड होते, आणि ती लबाडी त्यांना गावानंच शिकवली होती.

वर्षातून दोनदा आरोग्यसेविका लोंढे सिस्टर पाण्याचा नमुना न्यायला येत. तो प्रयोगशाळेत जाई आणि त्यावर पंचायतीला कार्ड मिळे : लाल, पिवळं नाहीतर हिरवं. नाना कामाला लागले त्या वर्षी तेव्हाचे सरपंच त्यांना बाजूला घेऊन म्हणाले होते, “आनंदा, सॅम्पल म्हंजे काय रं? पोरगी दाखवायचा कार्यक्रम. घरातल्या नेसत्या लुगड्यावर कुणी उभी करतं व्हय?”

नानांना पटलं. गावच्या विहिरीचं पाणी वाईट नव्हतं, पण क्षाराचं. चहाच्या भांड्याला आतून पांढरं अस्तर चढायचं. उलट तासभर चढून गेलं की रानात म्हसोबाचा झरा. त्याचं पाणी इतकं गोड, की बापू मोरेची म्हैस एकदा चुकून ते प्याली, तर पुढं आठ दिवस तिनं गावातल्या हौदाला तोंड लावलं नाही. शेवटी बापूनं हौदाचंच पाणी घागरीत भरून झऱ्यापर्यंत वर नेलं आणि तिच्या देखत खाली आणलं, तेव्हा कुठं बाईनं घोट घेतला. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं मोऱ्यांच्या गोठ्यात जाऊन विचारावं. म्हशीची नात अजून आहे.

तर नमुन्याची बाटली नाना झऱ्यावर भरायचे. लोंढे सिस्टर आल्या की हातात द्यायचे. “शेवटच्या नळाची हाय, सिस्टर.” सिस्टर बाटली पिशवीत टाकायच्या, चहा प्यायच्या, जायच्या. आणि दरसाल हिरवं कार्ड. पंचायतीच्या भिंतीवर तीस कार्डं काचेत लावलेली होती, आणि नाना त्या भिंतीकडं पाठ करूनच बसायचे.

बाईसाहेबांना बसवायला जिल्ह्याहून इंजिनिअर आला, इरफान मुल्ला, मिरजेचा. पोरगा हुशार, आणि हुशार असून समजावून सांगणारा, म्हणजे दुर्मीळच. त्यानं झाकण उघडून नानांना आतला पडदा दाखवला. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ.

“नाना, हा पडदा जिवंत आहे. यात दोनशे चाळीस जातींचे जिवाणू बसवलेत. निरुपद्रवी. प्रत्येकाला एकाच गोष्टीचा वास येतो. एकाला शिसं, एकाला क्षार, एकाला शेणातल्या जंतूंचा. वास आला की तो जिवाणू चमकतो. एवढासा उजेड, आपल्याला दिसायचा नाही, पण हा कॅमेरा बघतो.”

“म्हंजे दोनशे चाळीस दिव्यांची माळ.”

“अगदी. पण प्रत्येक गावचं पाणी निराळं. कुठं क्षार जास्त, कुठं लोह. म्हणून बाईसाहेबांना आधी सांगायला लागतं की आपलं चांगलं पाणी असं असतं. तान्ह्या पोराला आईचा वास कळतो ना, तसं. चाळीस दिवस. रोज सकाळी शेवटच्या नळाचं पाच लिटर पाणी या भांड्यात ओतायचं. एक्केचाळिसाव्या दिवसापासून त्या आपण होऊन काम करतील. पहाटे चाचणीपुरतं पाणी लाईनीतून सोडतील, शेवटच्या नळापासून बारीक नळीनं परत मागवून चाखतील. ओळखीचं वाटलं तर मोठा व्हॉल्व्ह उघडणार. नाहीतर बंद.”

“आन् ती बारीक नळी?”

“ती पुढच्या खेपेला येईल. तोवर तुमच्या हातानं.”

कुठल्याही सरकारी योजनेत एक नळी पुढच्या खेपेला येते, आणि सगळं रामायण तिच्यामुळं घडतं.

नानांनी रात्रभर विचार केला असता तर बरं झालं असतं, पण त्यांनी अजिबात केला नाही. चाळीस दिवस पाणी द्यायचं म्हणजे चाळीस दिवसांचं सॅम्पल. दुसऱ्या दिवसापासून पाच लिटरचा कॅन पाठीला बांधून ते झऱ्याची चढण चढू लागले. अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे. आठव्या दिवशी त्यांच्या बायकोनं, शालननं, तेल चोळता चोळता विचारलं, “रोज कुठं जातासा हो? म्हसोबा परसन्न व्हायला लागला का काय?”

नानांनी सांगितलं.

“अगं आई गं,” शालन म्हणाली. “खरं खाली नळाला आयतं येतंय, आन् खोटं वाहून आणायला मणका मोडताय.”

“तुला त्यातलं कळत न्हाई.”

“मला गुडघ्यातलं कळतंय की.”

एक्केचाळिसावा दिवस उजाडला. परवावर गावची जत्रा आलेली. चैत्री पुनवेला चाफेखिंडीत तीन हजार पाहुणा उतरतो. म्हणून सरपंच प्रियांका देसाई यांनी यंत्राचं उद्घाटन आदल्या दोन दिवसांत उरकायचं ठरवलं. या सरपंचबाई तिशीच्या, कामाला वाघीण. टाकीवर नारळ फुटला. मुल्लानं या खेपेला आणलेली बारीक नळी जोडली आणि बटण दाबलं. बाईसाहेबांनी पाणी मागवलं, चाखलं, आणि पुणेरी आवाजात सगळ्या गावासमोर म्हणाल्या, “हे पाणी ओळखीचं नाही. पुरवठा थांबवला आहे.”

गाव हसलं. मग घरोघर नळ फिरवून बघितले, आणि हसू गेलं.

मुल्लानं पडद्याचे आकडे पाहिले आणि डोकं खाजवलं. “दोनशे चाळीसपैकी दीडशे दिवे वेगळेच लागलेत. एवढा फरक पाण्यात असूच शकत नाही. पडदाच नासलेला दिसतोय.”

नाना मागं उभे होते. त्यांना एका क्षणात सगळं उमगलं. झऱ्यात क्षार नाही, विहिरीत आहे. झऱ्यात पावडर नाही, टाकीत आहे. चाळीस दिवस त्यांनी बाईसाहेबांना माहेरचं तूप चारलं होतं आणि आता सासरची भाकरी पुढं केली होती. बापूची म्हैसच ही, फक्त बोलणारी.

सवयीनं ते शेवटच्या नळावर गेले, चाचणीचं थोडं पाणी तोटीत राहिलं होतं ते धरलं, थेंब टाकले. छान पिवळं. म्हणजे पाणी चोख होतं. नानांना हायसं वाटलं. दिवसभर गावानं घागरी घेऊन विहीर शेंदली आणि बाईसाहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाईसाहेबांनी पुन्हा चाखलं. “हे पाणी ओळखीचं नाही. पुरवठा थांबवला आहे.”

आता सरपंचबाईंचा पारा चढला. “मुल्लासाहेब, उद्या जत्रा. तीन हजार माणसांची आमटी काय थुंकीत शिजवू? तालुक्यातले टँकर सगळे दुसरीकडं गुंतलेत. नाना, यंत्र टाळून पाणी सोडायच्या बायपासची चावी तुमच्याकडं आहे ना? उघडा. बाईसाहेबांना बसू द्या रुसून.”

मुल्ला म्हणाला, “नियमात नाही बसत... पण पडदा बिघडलाय हे खरंय.”

नानांचं काळीज पिसासारखं हलकं झालं. सुटलो! बायपास उघडायचा, पाणी सोडायचं, पडदा बिघडला म्हणून परत जाईल, झऱ्याचं नाव कुणाच्या जिभेवर यायचं नाही. “शेवटच्या नळाला एक फेरी मारून येतो, मग उघडतो,” ते म्हणाले आणि जवळपास शीळ घालत वरच्या आळीला गेले.

तोटीत थोडं पाणी होतं. नळीत धरलं. थेंब टाकले.

पाणी पांढरंच राहिलं.

नानांनी नळी हलवली. उजेडात धरली. बायजाकाकी दारातून म्हणाली, “काय रं, औषध संपलं का?” नानांनी दुसरी बाटली काढली, पुन्हा थेंब टाकले. पांढरं. सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं पुरती पावडर टाकली होती. टाकीत पिवळं येत होतं, ते बघूनच निघाले होते. म्हणजे टाकी आणि हा नळ यांच्यामध्ये काहीतरी पावडर खात होतं, आणि पावडर खाणारी वस्तू एकच असते : घाण.

ते काकीच्या पायरीवर बसले. आता गंमत बघा. कालही बाईसाहेब ‘नाही’ म्हणाल्या, आजही ‘नाही’ म्हणाल्या, आवाज तोच, शब्द तेच. गावाच्या लेखी दोन्ही वेडेपणाच. दोन्हींतला फरक साऱ्या पृथ्वीवर एका माणसाला ठाऊक होता, आणि तो पायरीवर बसला होता. नुसतं “पिवळं येईना” म्हणून सांगितलं तर सरपंच म्हणणार, मग चार मुठी पावडर वाढवा आणि सोडा. त्यांचंही बरोबर, काल पिवळं असूनही यंत्र नाहीच म्हणालं होतं. आजचं खरं ठरवायला कालचं खोटं कबूल करायला हवं होतं. आणि कालचं खोटं उसवलं की धागा तीस वर्षं मागं जाणार, भिंतीवरच्या एकेका काचेपर्यंत. लोंढे सिस्टरांची सही होती प्रत्येक कार्डावर. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त व्हायच्या होत्या.

नानांनी बायजाकाकीकडं बघितलं. काकी पंचाऐंशी वर्षांची. जुलाबाचे दोन दिवस तिला पुरले असते.

ते टाकीकडं निघाले तेव्हा शीळ बंद होती.

टाकीवर निम्मं गाव जमलं होतं. जत्रेच्या आधीची तपासणी म्हणून लोंढे सिस्टरही आल्या होत्या, पिशवी खांद्याला. सरपंचबाई म्हणाल्या, “आले नाना. उघडा.”

“उघडत न्हाई,” नाना म्हणाले.

“म्हणजे?”

“कालचं ‘न्हाई’ माझं व्हतं. आजचं ‘न्हाई’ खरं हाय.”

कुणाला काही कळलं नाही. मग नानांनी सांगितलं. आधी चाळीस दिवसांचं सांगितलं. आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर तीस वर्षांचंही सांगून टाकलं. मान खाली, चावी हातात. कुणीतरी मागून म्हणालं, “म्हंजे आपली कार्डं?” दुसरा म्हणाला, “म्हसोबाची.” एक-दोघं हसली. सरपंचबाईंचा चेहरा मात्र असा झाला की नानांना चावी त्यांच्या पायाशी ठेवावीशी वाटली.

एकटा मुल्ला आनंदानं उडालाच. “अहो, मग पडदा ठणठणीत आहे! दीडशे दिवे बरोबरच लागले!” त्यानं टाकीतून पाणी काढलं, भांड्यात ओतलं, बाईसाहेबांना बजावलं की हे आपलं, तूर्तास हेच ओळखीचं धरा. मग बारीक नळीनं आलेलं शेवटच्या नळाचं पाणी ओतलं. पडद्याची माळ अंधारली. फक्त अकरा दिवे राहिले. मुल्लानं ते वाचले आणि त्याचा आनंद उतरला.

“शेणमुतातले जंतू,” तो म्हणाला. “भरपूर. हे अकरा दिवे काल नव्हते, आजच लागलेत. पण दीडशेंच्या गर्दीत मला दिसले नाहीत.”

सरपंचबाई बायपासच्या चाकापासून दोन पावलं मागं सरकल्या.

लाईन शोधायला नानांना नकाशा लागत नव्हता. ती त्यांच्या तळपायात होती. ते पुढं, गाव मागं. जत्रेच्या मैदानाशी आल्यावर ते थांबले. मैदानात पाळणा उभा राहत होता, आणि त्याच्या दोरखंडाची हातभर लांब लोखंडी मेख बरोबर पाइपाच्या रेषेवर ठोकलेली होती. शर्यतीचे बैल तिथंच बांधलेले, खाली शेणमुताचं राबडं.

“कवा ठोकली ही?”

“काल दुपारी,” पाळणेवाला म्हणाला. “सगळीकडं नुसता खडक, मामा. हितंच जमीन मऊ लागली.”

“मऊ लागली कारण मीच चर खणून पाइप पुरलाय तिथं!”

मेख उपसली तशी पाइपाला पडलेलं भोक दिसलं, रुपयाएवढं. पाणी वाहताना थोडं बाहेर गळायचं; पाणी थांबलं की पाइप रिकामा होताना बाहेरचं राबडं आत ओढून घ्यायचा. तीन हजार माणसांच्या आमटीत बैलांचा वाटा पडला असता.

दुपारपर्यंत तुकडा बदलला. पाइप दोनदा पावडरीनं धुतला. चार वाजता बाईसाहेबांनी पाणी मागवलं. सगळं गाव त्या पत्र्याच्या खोलीकडं असं बघत होतं जसं बाळंतिणीच्या खोलीकडं बघावं.

“पाणी ओळखीचं आहे. पुरवठा सुरू करत आहे.”

खालून आळीआळीतून नळांचा आवाज आला, आणि त्याच्यावर बायकांचा. सरपंचबाई खाली बसल्या ते दगडावरच. “नाना,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला शिव्या द्यायच्यात मला. पण जत्रा झाल्यावर. आत्ता अंगात जोर नाही.”

“द्या की, वैनी. सावकाश द्या.”

नाना लोंढे सिस्टरांसमोर जाऊन उभे राहिले. हे सगळ्यात अवघड होतं. “सिस्टर, तुमची सही बाटवली मी.”

सिस्टरांनी चष्मा पुसला. “कुठली सही?”

“कार्डावरची. बाटल्या झऱ्याच्या व्हत्या.”

“ते पाणी मी तपासणीला पाठवतच नव्हते.”

“म्हंजे?” नानांच्या तोंडून निघालं.

“अगदी पहिल्या खेपेला पाठवलं होतं. प्रयोगशाळेतनं फोन आला : सिस्टर, पाणी फार चांगलंय, पण यात पावडरीचा कणसुद्धा नाही, गावात क्लोरीन टाकत नाहीत का? मी म्हटलं, शेडगे तर रोज टाकतात, माझ्या डोळ्यांनी बघते. मग कळलं. तो नमुना रद्द करायला लावला, आणि तेव्हापासून मी गुपचूप अंगणवाडीच्या नळाचं भरून न्यायची. तुमच्या टाकीचं. तीसच्या तीस वर्षं पास झालं ते.”

“आन् माझी बाटली?”

“तिच्यात तूरडाळ शिजवायची. दोन शिट्ट्यांत लोणी. पाहुणे आले की आमचे हे विचारायचे, चाफेखिंडीची बाटली आहे का शिल्लक?”

“आन् मला एका शब्दानं बोलला न्हाईत? तीस वर्षं?”

“पावडर तुम्ही चुकवत नव्हता,” सिस्टर म्हणाल्या. “मग डाळ का सोडू?”

नाना आधी हसले नाहीत. त्यांनी टाकीच्या भिंतीला हात टेकला. तीस कार्डं हिरवी होती, आणि ती त्यांच्याच पाण्याची होती. वर्षातून दोनदा झरा चढायची काडीचीही गरज नव्हती. मग हसू आलं ते असं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शालन पलीकडून ओरडली, “बघा, तिकडंबी पाणी सुटलं!”

तेवढ्यात मुल्लाचा फोन वाजला. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा चमत्कारिक होत गेला. फोन ठेवून तो म्हणाला, “जिल्ह्याचा होता. आपल्या तालुक्यात सतरा गावांत बाईसाहेब बसवल्या. त्यांतल्या बारा गावांत एक्केचाळिसाव्या दिवशी रुसल्या. साहेब म्हणतायत पडद्यांची सगळी खेपच नासकी, उद्या परत पाठवा.” तो थांबला. “नाना, बाकीच्या गावांतली पाणी सोडणारी माणसं तुमच्या ओळखीची?”

“ट्रेनिंगला येकाच खोलीत व्हतो सगळी.”

मुल्लानं फोन पुढं केला.

नानांनी पहिला नंबर लावला तो सावरघळीच्या दत्तू गुरवाचा. दत्तू माणूस भाविक, आईच्या धाकातला. आजूबाजूचे सगळे कान टवकारून उभे.

“दत्तू, यंत्राला पाणी कुठलं पाजलंस?”

“कुठलं म्हंजे? नळाचं.”

“मी म्हसोबाच्या झऱ्याचं पाजलं. पाच लिटर, रोज. आत्ताच गावापुढं सांगून बसलोय. मेलो न्हाई.”

पलीकडून आवाज आला, अगदी बारीक. “आमच्यात झरा कुठाय, नाना? नळाचंच घातलं. पन देवघरात आईनं काशीस्नं आणलेला गंगेचा गडू हाय. तोंडाला डाक देऊन बंद केलेला. तो फोडला. रोज दोन पळ्या घातल्या वरनं. म्हटलं, हेच्याहून चांगलं पाणी कुठलं असणार?”

मुल्लानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“आईला म्हाईत हाय?”

“न्हाई. गडू परत लाखेनं बंद करून ठेवलाय. नाना, यंत्राचं काय ते सांगतो मी, पन आईला नगा सांगाया लावू.”

नाना टाकीच्या कट्ट्यावर नीट मांडी घालून बसले.

“यंत्राचं मुल्लासाहेब बघतील,” ते म्हणाले. “तू आईला हाक मार. मी लाईनवर हाय.”